श्राद्ध झालेले पाच उंदीर

जपानातल्या तोयामा शहरी आमच्या वैद्यकीय विद्यापीठात उंदरांचं सामूहिक श्राद्ध दर ऑक्टोबरात व्हायचं, मंगळवारी सकाळी अकराला. मंगळवारच का, तर बुधवारी विभागप्रमुखांची बैठक असते आणि सोमवारी कचऱ्याची गाडी नेमकी स्मारकाच्या दगडासमोर उभी राहते. प्राणिगृहाच्या मागे, पार्किंगच्या कडेला तो दगड आहे. वर्षभरात विज्ञानाच्या कामी आलेल्या उंदरांचे क्रमांक भिक्षू सुरात वाचतात, कुलगुरू फूल वाहून कमरेत वाकतात, मग सगळे रांगेने उदबत्ती लावतात. माणसांच्या श्राद्धात लोक चोरून घड्याळ बघतात. उंदरांच्या श्राद्धात कुणी बघत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक उंदराने कुणाला ना कुणाला पदवी मिळवून दिलेली असते.

मी त्या प्राणिगृहात एकतीस वर्षं होतो. मुराई माझं नाव. दाणे घालायचे, पिंजरे बदलायचे आणि गेलेल्यांची यादी करायची, ही माझी कामं. तीस वर्षं यादीत एक चूक झाली नाही. एकतिसाव्या वर्षी मी पाच जिवंत उंदरांचं श्राद्ध घडवून आणलं. आता मी निवृत्त आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

ते पाच उंदीर मिनासे चिझुरु या संशोधक बाईंचे. वय छत्तीस, उंची बेताची, हात मात्र एखाद्या कोळिणीसारखे भेगाळलेले. तोयामाच्या हिवाळ्यात बायका हातांना मलम चोपडतात. या बाई चोपडत नसत. त्यांचं सगळं काम मेदावर, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या लिपिडांवर. हाताचं मलम म्हणजेही मेदच. त्याचा एक ठिपका नमुन्यात गेला तरी महिन्याचं काम वाया. प्लास्टिकची नळीही त्यांना चालत नसे, सगळं काचेचं. चहासुद्धा त्या नमुन्यांपासून लांब उभ्या राहून प्यायच्या.

एकदा मी त्यांना विचारलं, "मिनासे-सान, आवरण म्हणजे भिंतच ना? भिंतीत एवढं काय बघायचं?"

"मुराई-सान, तुमच्या गल्लीत कचरा ठेवायची जागा आहे?"

"आहे की. कोपऱ्यावर. जाळी टाकलेली."

"आणि आज ओला की सुका, हे कसं कळतं?"

"ज्याची पाळी असेल तो पाटी लावतो."

"आणि पाटी लावलीच नाही तर?"

मागे एकदा लावली नव्हती. पाळी माझीच होती. कुणीही पिशवी बाहेर काढली नाही. पाटी नसताना कचरा काढणारा माणूस आमच्या गल्लीत जन्माला यायचाय. आठवडाभर घराघरांत पिशव्या फुगत बसल्या आणि माझी बायको दहा दिवस मागच्या गल्लीने बाजारात जात होती.

"तसंच," बाई म्हणाल्या. "पेशीच्या आत छोट्या छोट्या पिशव्या असतात. त्यांच्या आवरणात काही मेदरेणू असतात, त्यांच्या डोक्याला पाटी अडकवता येते. पाटी लागली की पिशवीला कळतं, आता हलायचं, रिकामं व्हायचं. हा पाटीवाला मेद इतका थोडा असतो की हजारात एकही भरत नाही. पण तो नसला की पिशव्या फुगतात, फुगतच राहतात. मज्जापेशी तर आतून नुसती बुडबुड्यांची होते. मग पाय लटलट कापायला लागतात."

त्यांच्या उंदरांचे पाय असेच लटलट कापायचे. काळ्या जातीचे उंदीर, पण अंगाचा रंग धुतलेल्या कापडासारखा फिकट, आणि तिसऱ्या आठवड्यापासून थरथर. पाटी लावणारा जो गडी पेशीत असतो, तो यांच्यात जन्मतःच पायाने अधू. अधू गडी दिसला की पेशीचे सफाईवाले त्याला केर समजून फेकून देतात. माणसांतही असा आजार असतो. फार थोड्यांना होतो, पण ज्यांना होतो त्यांना 'थोड्यांना होतो' हे ऐकून बरं वाटत नाही. बाईंनी चार वर्षं खपून एक पूड तयार केली होती. ती गड्याला बरं करत नाही, नुसता टेकू देते. टेकू मिळाला की सफाईवाले त्याला सोडून देतात, आणि तो लंगडत लंगडत का होईना, पाटी लावतो.

पूड पाच उंदरांपुरतीच झाली होती. पाच उंदरांना जन्मापासून ती सुरू होती, आधी आईच्या दाण्यातून, मग त्यांच्या स्वतःच्या. साठाव्या दिवसापर्यंत ते जगले तर पूड उपयोगी, असं समितीनं ठरवलेलं. बाईंचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. त्यामुळे दुसरी पूड नाही, दुसरे उंदीर नाहीत, आणि हे जमलं नाही तर बहुधा दुसरी नोकरीही नाही.

आता माझी चूक सांगतो.

श्राद्धाची यादी कार्यालयाला दोन आठवडे आधी द्यावी लागे. कार्यालय म्हणजे उसामी-सान. माणूस अत्यंत सज्जन. प्राणिगृहाची नियमावली त्यांनीच लिहिलेली, त्यामुळे ती त्यांना आईच्या पत्रासारखी पाठ होती. यादी कुलगुरूंसमोर वाचली जाणार, म्हणून ती सुवाच्य हवी, ब्रशने लिहिलेली हवी आणि तीत खाडाखोड नको. मग दोन आठवड्यांत जे मरणार त्यांचं काय? त्यांचा अंदाज करून आधीच लिहायचं. आम्ही सगळे तसंच करत आलो होतो. दिलेल्या तारखेला काम तयार असावं, ही आमच्याकडची शिस्त. मरणाने उशीर केला तर तो त्याचा दोष.

त्या जातीचा उंदीर नऊ वर्षांत बेचाळिसाव्या दिवसापुढे गेला नव्हता. श्राद्धाला या पाचांचा त्रेचाळिसावा दिवस येत होता. मी बोटांवर हिशेब केला आणि पाच क्रमांक काळ्या शाईत लिहून टाकले. बाई तेव्हा साप्पोरोला परिषदेत होत्या, आणि पुडीचं मला ठाऊक होतं. पण आजवर असली औषधं खाऊन किती उंदीर मेले तेही मला ठाऊक होतं.

श्राद्धाच्या सकाळी साडेसातला मी दाणे घालायला गेलो तर पाचही जण दाराशी उभे. मी मनात म्हटलं, अकराला अजून वेळ आहे.

पावणेअकराला पुन्हा डोकावलो. एक जण चाक फिरवत होता.

अकरा वाजता दगडासमोर भिक्षू दोएनने त्यांचे क्रमांक लांब सुरात आळवले. कुलगुरू वाकले. मी उदबत्ती लावली आणि हात जोडून उंदरांची मनापासून माफी मागितली. तशी आम्ही दरवर्षीच मागतो, पण त्या वर्षी कारण वेगळं होतं. दुपारी उसामी-साननी यादी संगणकात चढवली.

बुधवारी ते मोजणीला आले. पिंजऱ्यांत पाच उंदीर जास्त भरले. त्यांनी दोनदा मोजलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा मोजलं.

"मुराई-सान, हे कोण?"

"मिनासे-सानचे. सात-एकशेबारा ते एकशेसोळा."

"ते काल वारले."

"वारले नाहीत, उसामी-सान. मी यादीत आगाऊ लिहिलं. चूक माझी."

"तुमची चूक मी समजू शकतो," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पण काल कुलगुरू वाकले. ते चुकीच्या यादीपुढे वाकले असं मी कुठल्या फॉर्मवर लिहू?"

एवढ्यात बाई आल्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या.

"उसामी-सान, हे जिवंत आहेत. बघा तरी!"

"बघतोय. पण कोण जिवंत आहे ते मला माहीत नाही. माझ्याकडे यांची नोंद नाही. नियम चौदा: नोंद नसलेला उंदीर बाहेरून शिरलेला समजावा, आणि रोगाचा संसर्ग टाळण्यासाठी शुक्रवारी पाचच्या आत त्याची विल्हेवाट लावावी."

"बाहेरून शिरलेला उंदीर पिंजऱ्यात जाऊन, आतून कडी लावून बसतो?"

"नियमात तसा अपवाद नाही."

"यांच्या कानाला माझ्या क्रमांकाची भोकं आहेत!"

"कानाला भोकं माझ्या मुलीच्याही आहेत, मिनासे-सान. म्हणून ती तुमची ठरत नाही."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. उसामी-साननी पिंजऱ्यात वाकून आणखी थोडा वेळ पाहिलं. "शिवाय," ते हळूच म्हणाले, "तुमच्या अर्जात लिहिलंय, रंग फिकट आणि सतत कंप. हे काळेभोर आहेत. आणि कापत तर मुळीच नाहीत."

"कारण औषध लागू पडलंय!" बाई ओरडल्या. प्राणिगृहात ओरडायला बंदी आहे. त्यांनी लगेच उंदरांना आणि उसामी-सानना वाकून क्षमा मागितली. उंदरांना आधी.

संध्याकाळी मी सायकल काढली आणि सरळ देवळात गेलो. भिक्षू दोएन आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याने माझी गणितं उतरवली, म्हणून तो भिक्षू झाला असं मी म्हणतो. तो ओसरीवर बसून काकी नावाची केशरी फळं सोलून सुतळीला बांधत होता, वाळवायला.

"अरे दोएन, काल तू पाच जिवंत उंदरांचं श्राद्ध केलंस."

"यादी तू दिलीस, मी वाचली. आवाज काय लागला होता काल! कुलगुरूंचे डोळे पाणावले."

"थट्टा नको रे. शुक्रवारी त्यांना मारणार आहेत. आणि त्या बाईची चार वर्षं त्यांच्याबरोबर जाणार. सगळं माझ्या एका ब्रशमुळे."

त्याने सुतळीला गाठ मारली, हात धोतराला पुसावेत तसे झग्याला पुसले आणि म्हणाला, "चल."

आम्ही देवळामागच्या थडग्यांत गेलो. एका दगडापुढे तो थांबला.

"काय लिहिलंय?"

"दोन नावं. एक काळं, एक लाल."

"काळं कुणाचं?"

"होरिताचं. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन."

"आणि लाल?"

"त्याच्या बायकोचं. ती जिवंत आहे म्हणून लाल. ती गेली की रंग काढतात. हे मला काय विचारतोस, लहान पोराला ठाऊक असतं."

"तिचे विधी कधी झाले?"

"नवऱ्याच्याच वेळी. आगाऊ उरकून घेतले तिनं."

"आणि आज ती कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? स्टेशनावर मासुझुशीचे, मासा-भाताचे डबे विकतेय."

"सकाळी इथे येऊन गेली. चार मुळे ठेवले आणि मला झापून गेली, माझ्या नावाचा रंग उडालाय, नवा लावायला काय होतं तुम्हाला?" दोएन दगडावर हात ठेवून उभा राहिला. "माझ्या आवारात अशी सव्वीस लाल नावं आहेत, मुराई. श्राद्ध झालेली, आणि चांगली धडधाकट. विधी आधी झाला म्हणून कुणी त्यांना मारायला निघालेलं मी तरी ऐकलं नाही. उलट म्हणतात, आधी उरकून ठेवलं की आयुष्य वाढतं. मला तर वाटतं वाढतंच. सव्वीसांतला एकही हलायचं नाव घेत नाही."

सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर आठवावी लागते, आणि तो विषय आम्हाला शाळेत नव्हता. मी त्याला तिथेच, थडग्यांमध्ये, कमरेतून इतका वाकलो की पाठीत कळ आली.

"राहू दे, राहू दे," तो म्हणाला. "पत्र लिहून देतो. शिक्का मारून. तुझ्या उसामीला शिक्का लागेल."

गुरुवारी सकाळी उसामी-साननी ते पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. पत्रात एवढंच होतं: वरील पाच जणांचे विधी आगाऊ व यथासांग झाले आहेत, दीर्घायुष्य लाभो.

"म्हणजे कुलगुरूंचं वाकणं..."

"जमेस धरलं जाईल," मी म्हणालो. "वाया गेलं नाही. आधी पोचलं, इतकंच."

"आणि यादी?"

"यादीही बरोबर. फक्त त्या पाचांचा रंग लाल हवा."

त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या तातेयामा डोंगरावरच्या पहिल्या बर्फाकडे पाहिलं. त्यांच्या सासूचं नावही कुठल्याशा दगडावर लाल आहे, हे मला पुढे कळलं. वय त्र्याण्णव.

"धार्मिक बाजू मला मान्य आहे," ते शेवटी म्हणाले. "पण हे तेच पाच आहेत हे सिद्ध करावं लागेल. दगडावर लाल नाव एका बाईचं आणि जिवंत फिरतेय भलतीच, असं चालणार नाही."

यात मात्र त्यांचं बरोबर होतं, आणि बाईंनी ते लगेच मान्य केलं. त्यांनी पाचही शेपट्यांच्या टोकाचा कणभर तुकडा घेतला आणि दुपारभर तपासणी केली. अधू गडी ज्याच्या सांगण्यावरून घडतो ते जनुक पाचांतही मोडकंच होतं. असला उंदीर रस्त्यावरून आत येत नाही. आख्ख्या तोयामात तो आमच्याच पिंजऱ्यांत होता. संध्याकाळी त्यांनी तपासणीत निघालेलं जनुकाचं चित्र उसामी-सानसमोर ठेवलं.

"मोडलेलं आहे," उसामी-सान चित्र उजेडाला धरून म्हणाले. "म्हणजे हे आजारी आहेत."

"हो."

"मग आजारी दिसत का नाहीत?"

"तेच तर मला जगाला सांगायचंय, उसामी-सान."

शुक्रवारी तीन वाजता ते खाली आले. स्वतःहून आले, आणि सोबत शर्यतीत वापरतात तसलं घड्याळ होतं. मुलीच्या शाळेच्या क्रीडादिनासाठी घेतलेलं. बाईंनी फिरता दांडा सुरू केला. लाटण्याएवढा दांडा, हळूहळू वेग घेतो, उंदराने त्यावर चालत राहायचं. त्या जातीचा उंदीर आठ-नऊ सेकंदांत खाली पडतो. खाली मऊ गादी असते.

पहिली, एकशेबारा, दांड्यावर चढली. हिला मी मनातल्या मनात आजीबाई म्हणत असे, कारण ती दाणे निवडून खायची. आठ सेकंद झाले. वीस झाले. उसामी-सान घड्याळाकडे बघत होते, आणि त्यांचा दुसरा हात आपोआप दांड्याखाली गेला होता, पसरलेला.

"गादी आहे खाली," मी कुजबुजलो.

"असू दे," ते म्हणाले, आणि हात काढला नाही.

साठ. नव्वद. आजीबाईंचं मागचं एक पाऊल जरा ओढल्यासारखं पडत होतं, पण ती चालत होती. दोन मिनिटं झाली. दोन मिनिटं चाळीस सेकंदांना तिनं वळून आमच्याकडे पाहिलं, तोल गेला, आणि ती उसामी-सानच्या तळहातावर येऊन बसली. तिथून ती उतरायला तयार होईना. प्राणिगृहाची नियमावली लिहिणारे प्रमुख एका मयत उंदराला हातावर घेऊन पाच मिनिटं पुतळ्यासारखे उभे होते.

"हलकी आहे," ते म्हणाले.

"बावीस ग्रॅम," बाई म्हणाल्या. "या वयाच्या बाकीच्या अकराच्या वर कधी गेल्या नाहीत. खरं तर या वयाच्या बाकीच्या कधी नव्हत्याच." मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी भेगाळल्या हातांनी डोळे पुसले.

उरलेल्या चौघांचं होईपर्यंत साडेचार वाजले. एकानेही दोन मिनिटांच्या आत हार मानली नाही. आम्ही वर कार्यालयात गेलो. उसामी-साननी कपाटातून श्राद्धाची यादी काढली, टेबलावर पसरली, आणि थबकले. मी खिशातलं लाल पेन पुढे केलं.

"नको," ते म्हणाले. "लाल पेनाने आपण चुका दाखवतो. ही चूक नाही."

मग त्यांनी खणातून शिक्क्याची शेंदरी शाई काढली. एक लाकडी टोचणी घेतली, ती त्या शाईत बुडवली, आणि जीभ दातांत धरून, एकेका काळ्या आकड्यावरून इतक्या हळुवार फिरवली की रेघ कुठे बाहेर गेली नाही. सात-एकशेबारा. सात-एकशेतेरा. बाई टेबलाशी हात जोडून उभ्या होत्या. पाच वाजायला सहा मिनिटं असताना पाचवा क्रमांक पूर्ण झाला. मग ते संगणकाकडे वळले, पाच नोंदी उघडल्या आणि दाण्यांचा रोजचा वाटा पुन्हा सुरू केला.

"इथे मृत्यूची तारीख विचारतंय," ते म्हणाले. "रंग काढावा लागेल ना कधीतरी. अंदाजे काय लिहू?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. मी खिडकीकडे पाहिलं. अंदाज करण्यात माझं नाव तेव्हा फारसं चांगलं नव्हतं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, आता ओरडतील. "खरंच माहीत नाही, उसामी-सान. आजवर हे कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. एवढं पुढे कुणी आलंच नव्हतं."

उसामी-साननी कळफलकावरची बोटं उचलली. मग त्यांनी तो चौकोन रिकामाच सोडला, संगणक बंद केला, आणि विचारलं की त्या आजीबाईंना दाण्यांखेरीज काही आवडतं का. म्हणजे नियमात बसेल असं काही.